वस्तीत रस्त्यावर मंडळीचा सेवा-कार्यक्रम: जेवणाची रांग, माईक, तपासणी यांची मांडणी कशी करावी?

युवकसंघ_सचिव (प्रश्न)

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीने (चर्चने) एका गरीब वस्तीत, एका बाजूने बंद असलेल्या गल्लीत, शनिवारी संध्याकाळी तीन तासांचा उघड्यावरचा कार्यक्रम घ्यायचं ठरवलंय. गाणी, छोटा संदेश (उपदेश), गरम जेवण, रक्तदाब तपासणी, जुन्या कपड्यांचं टेबल आणि मुलांसाठी एक कोपरा, एवढं धरलंय. अंदाजे दोनशे माणसं येतील. हाताशी तीस स्वयंसेवक आहेत, त्यातले निम्मे कॉलेजातले. रस्ता सात मीटर रुंद, दोन्ही बाजूंना घरं. विजेची सोय नाही, म्हणजे जनरेटर न्यावा लागणार.

जेवणाची रांग कशी लावायची, म्हणजे ढकलाढकली होणार नाही आणि शेवटच्यांना रिकाम्या हाताने जावं लागणार नाही? स्पीकर किती घ्यायचे आणि कुठे ठेवायचे? तपासणीत काय करावं, काय टाळावं? आणि सगळ्यात मोठा पेच म्हणजे संदेश आधी की जेवण आधी. आमच्या कमिटीत यावर सरळ दोन तट आहेत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी नेमकं सांगावं.

---

भांडारी

दादा, जेवणापासून सुरू करतो, कारण कार्यक्रम बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

रस्त्यावर स्वयंपाक करू नका. उघडा जाळ, वारा आणि पळणारी मुलं एकत्र आली की अपघात ठरलेलाच. स्वयंपाक चर्चच्या किचनमध्ये, त्याच दिवशी, आणि डावाने वाढता येईल असा एकच पदार्थ. माणशी ४०० ते ४५० ग्रॅम धरा. दोनशे जणांना ८० ते ९० किलो, त्यावर दहा टक्के. सगळ्या वाढप्यांच्या हातात एकाच मापाचा डाव द्या. २०० मिलिलिटरचा डाव असेल तर दोन डाव म्हणजे एक ताट, ना कमी ना जास्त. जेवण कमी पडतं त्याचं नेहमीचं कारण अंदाज चुकणं हे नसतं. सुरुवातीला वाढणाऱ्याचा हात सैल सुटतो, भांड्याचा तळ दिसायला लागला की तोच हात आखडतो, आणि ज्यांनी सगळ्यात जास्त वेळ वाट पाहिली त्यांच्या ताटात अर्धा डाव पडतो.

जेवण शेवटच्या ताटापर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. इन्सुलेटेड डब्यांत आधी उकळतं पाणी भरून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, पाणी ओतून द्या आणि लगेच उकळतं जेवण काठोकाठ भरा. अर्धवट भरलेला डबा लवकर निवतो. एक डबा संपल्याशिवाय दुसरा उघडू नका. सुईचा थर्मामीटर मध्यभागी खुपसून प्रत्येक डबा उघडताना तापमान पाहा आणि वेळेसह लिहून ठेवा. ६० च्या खाली गेलेलं जेवण दोन तासांच्या आत संपवायचं, नाहीतर टाकायचं.

आदल्या रात्री मोठ्या पातेल्यात शिजवून ठेवायचा मोह होईल, पण तो टाळा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मोठं पातेलं मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं आणि तेवढ्यात ते वाढतात. भातातला बॅसिलस सेरियस तर असं विष तयार करतो की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. ज्या घरात आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही पैसे नसतात, तिथे आपल्या हातून पोट बिघडवणं हा छोटा अपराध नाही.

आता रांग. लांब रांग लावूच नका. गल्लीच्या तोंडाशी एक टेबल ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला रंगीत टोकन द्या, एका रंगाची वीस. टोकन मिळालं की माणूस बसेल, गाणी ऐकेल, मुलांना घेऊन फिरेल. माईकवरून एक रंग पुकारायचा, तेवढे वीसच उठतील. वीस जणांची रांग दोन-तीन मिनिटांत सरकते, ढकलायचं कारणच उरत नाही. टोकन आदल्या दिवशी वाटू नका. ती हातोहात फिरतात, त्यांच्या नकला निघतात आणि ज्याला मिळालं नाही तो भांडायला येतो.

वाढायचं टेबल दोन्ही बाजूंनी वापरा. एका बाजूला चौघं: एक ताट देणारा, दोन वाढणारे, एक चमचा आणि पाणी देणारा. एका बाजूने मिनिटाला पाच-सहा ताटं सहज निघतात. दोन्ही बाजू धरून दोनशे ताटं वीस मिनिटांत व्हावीत, प्रत्यक्षात अर्धा तास धरा.

ताटं २२० आणि टोकनं २०० ठेवा. वरची वीस उशिरा येणाऱ्यांसाठी आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी डबा न्यायला. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बायकांना आणि चालता न येणाऱ्यांना खुर्चीवर बसवून ताट नेऊन द्या. दुसऱ्यांदा वाढणं सगळे रंग पुकारून झाल्यावरच, आणि हे सुरुवातीलाच जाहीर करा. स्वयंसेवकांनी सर्वांच्या नंतर जेवायचं.

टोकनं संपत आली की एका शांत स्वभावाच्या माणसाला टेबलाशी जमलेल्यांमध्ये शेवटच्या टोकनवाल्यामागे उभं करा. त्याच्यानंतर येणाऱ्याला त्याने तिथल्या तिथे सांगायचं, की टोकन संपलंय, वीस ताटं राखीव आहेत, शेवटी उरलं तर नक्की मिळेल. अर्धा तास थांबवून मग 'संपलं' म्हणण्यापेक्षा हे ऐकणं माणसाला सोपं जातं.

घटकांची पाटी मोठ्या अक्षरात लावा; शेंगदाणा, दूध, गहू असेल तर ठळक. हात धुवायला नळ असलेले वीस लिटरचे दोन कॅन, साबण, खाली बादली. पिण्याचं पाणी माणशी अर्धा लिटर. कचऱ्याला साधारण पंचवीस जणांमागे एक १०० लिटरची पिशवी, आणि उष्टं पाणी ओतायला वेगळी बादली, नाहीतर पिशव्या उचलताना फाटतात. निघताना आपल्या जागेपलीकडे तीस मीटरपर्यंत झाडून घ्या.

वाढायला आठ, रंग पुकारून रांग सांभाळायला तीन, डब्यांपाशी दोन, पाण्यावर दोन, कचऱ्यावर दोन. तीसपैकी सतरा इथेच गेले. म्हणून माझं स्पष्ट मत, पहिल्या वेळी कपड्यांचं टेबल घेऊ नका. कपड्यांना छाटणी, मापाप्रमाणे लटकवणं आणि वेगळी रांग लागते. टेबलावर ढीग ओतला की दहा मिनिटांत हिसकाहिसकी सुरू होते आणि उरलेलं रस्त्यावर तुडवलं जातं. काही द्यायचंच असेल तर नवे मोजे आणि नवे आतले कपडे द्या. त्यांचीच गरज सर्वांत जास्त असते आणि दानात तेच सर्वांत कमी येतात.

---

ध्वनी_जोडणी

भांडारींनी रंग पुकारायचं म्हटलंय, म्हणजे माईक हा तुमचा गर्दी सांभाळायचाही आधार आहे. तो बंद पडला तर रांग मोडते. म्हणून ध्वनिव्यवस्था शक्यतो बॅटरीवर चालवा, जनरेटर फक्त दिव्यांसाठी. सोबत एक हातातला भोंगा राखीव ठेवा.

बंद टोकाकडे पाठ करून, तोंड उघड्या बाजूला, अशी माईकची जागा घ्या. उलट ठेवलंत तर बंद टोकाच्या भिंतीवर आवाज आपटून परत येईल आणि शब्द एकमेकांत मिसळतील.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकर १ मीटरवर ९८ डेसिबल देत असेल तर १० मीटरवर ७८ आणि २० मीटरवर ७२ उरतो. दोन्हीकडे भिंती असल्याने तुमच्या गल्लीत तो थोडा कमी उतरेल, पण हिशेब हाच धरा. रहदारीचा, घरांचा आवाज ६० ते ६५ असतो आणि बोलणं नीट कळायला त्याहून दहा तरी वर हवा. म्हणजे २० मीटरवरच्या माणसाला जेमतेम कळेल. म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि ३ मीटरवरच्या घरात तेव्हाही ८८ डेसिबल जात असतो. त्या घरात तापाने निजलेलं लेकरू असेल, रात्रपाळी करून झोपलेला माणूस असेल. पुढच्या वेळी तुम्हाला वस्तीत विरोध झाला तर तो याच घरातून होईल.

उपाय असा: पुढे दोन स्पीकर मध्यम आवाजावर आणि १५ मीटरवर आणखी दोन छोटे, त्याहून हळू. मागच्या स्पीकरना मिक्सरमधून (माईक-स्पीकरचे आवाज जुळवायच्या यंत्रातून) ४४ मिलिसेकंदांचा विलंब द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यामुळे पुढचा आणि मागचा आवाज एकाच क्षणी कानी पडतो. विलंब दिला नाही तर मधल्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. स्पीकर स्टँडवर, त्यांचं तोंड माणसांच्या डोक्यावर येईल इतके उंच, आणि थोडे खाली झुकवलेले. तोंड गर्दीकडे, खिडक्यांकडे नको. स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा.

माईक साधा डायनॅमिक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारा) चालेल, पण तो नेहमी स्पीकरच्या रेषेमागे हवा. तोंडापासून दोन ते पाच सेंटिमीटर. जाळी मुठीत धरू नका. मूठ जाळीवर आली की माईक सगळीकडचा आवाज उचलायला लागतो आणि शिट्टी सुटते. वाऱ्यासाठी फोमची टोपी, आणि मिक्सरवर १०० हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका. बोलण्याला त्याची गरज नसते, वाऱ्याची घरघर मात्र तिथेच असते.

जनरेटर २ किलोवॅटचा, इन्व्हर्टर प्रकारचा घ्या. त्याचा स्वतःचा आवाज कमी असतो. ५० वॅटचे चार एलईडी दिवे म्हणजे २०० वॅट, स्पीकर आणि मिक्सर जोडावेच लागले तरी सहसा आणखी तीनचारशे. भार क्षमतेच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर जाऊ देऊ नका. पाणी तापवायची किटली कुणीतरी गुपचूप जोडतं. ती एकटी दीड-दोन हजार वॅट ओढते आणि सगळं बंद पडतं. जनरेटर माणसांपासून आणि दारंखिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब, धूर वाऱ्याने बाहेर जाईल असा ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नका. वायरचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भाराखाली तापते आणि वितळू शकते. ३० मिलिअँपिअरचा, वीज गळताच पुरवठा तोडणारा गळतीरोधक स्विच बसवल्याशिवाय ओल्या रस्त्यावर काहीही जोडू नका.

सात मीटरच्या रस्त्यात सगळी टेबलं, स्टँड आणि खुर्च्या एकाच बाजूच्या तीन मीटरांत बसवा. उरलेले चार मीटर रुग्णवाहिकेसाठी मोकळे. मधे बसलेल्यांना उठता येईल, टेबल हलत नाही.

यंत्रांवरचा भर कमी ठेवता येतो, हेही लक्षात असू द्या. १७३९ मध्ये इंग्लिश धर्मोपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात उघड्यावर उपदेश करत होता, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने मागे चालत जाऊन आवाज कुठवर पोचतो ते मोजलं आणि तीस हजारांहून जास्त लोकांना ऐकू जाईल असा हिशेब मांडला. तेव्हा इंजिनं नव्हती आणि माणसं गप्प उभी होती. मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेत) पितळी वाद्यं आली ती १८७८ मध्ये इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत. चार्ल्स फ्राय आणि त्याची तीन मुलं टवाळखोरांपासून वक्त्यांचं रक्षण करायला आली होती आणि सोबत वाद्यं घेऊन आली. तुमच्याकडे ढोलकी-हार्मोनियम किंवा ट्रंपेट वाजवणारं कुणी असेल तर गाणी माईकशिवाय घ्या. शेजारच्यांना तेच बरं वाटतं.

---

परिचारिका

तपासणीचं टेबल स्पीकरपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. गोंगाटात स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही, आणि माणूस ताणाखाली असला की आकडा वर जातो.

आल्या आल्या पट्टा बांधू नका. पाच मिनिटं खुर्चीत, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर आधाराने, बोलणं बंद. अर्ध्या तासात विडी-सिगारेट किंवा चहा-कॉफी झाली असेल तर थांबवा. म्हणजे टेबलामागे तीन-चार वाट पाहायच्या खुर्च्या हव्यातच. पट्टे दोन मापांचे ठेवा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर रक्तदाब उगाच जास्त दिसतो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि आकडा चिठ्ठीवर लिहून त्या माणसाच्याच हातात द्या. मोठ्याने वाचू नका. शेजारी उभ्या असलेल्याला तो कळायचं काही कारण नाही.

१८० वर १२० किंवा त्याहून जास्त आला आणि छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलणं अडखळतंय, एका बाजूला हात-पाय लुळा पडतोय, नजर धूसर झालीय असं काही असेल तर रुग्णवाहिका बोलवा. त्रास काहीच नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढाच असेल तर उशीर न करता, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे. स्वतः गोळी देऊ नका. कुणाच्या तरी घरची उरलेली गोळी तर अजिबात नको.

साखर तपासायची असेल तर प्रत्येकाला नवी, एकदा वापरून टाकायची सुई. बोटाला टोचायचं पेनासारखं साधन एकापेक्षा जास्त जणांवर वापरू नका, आतली सुई बदलली तरीही. हिपॅटायटिस बी त्यावरून पसरतो. हातमोजे दर माणसागणिक बदला, सुया टाकायला जाड प्लास्टिकचा बंद डबा ठेवा. हे जमणार नसेल तर साखर सोडून द्या, नुसता रक्तदाब पुरेसा आहे.

तपासणीआधी एक गोष्ट करून ठेवा. जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात जाऊन विचारा, की अशी माणसं पाठवली तर कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणती कागदपत्रं लागतील. ते चिठ्ठीच्या मागे छापा. पुढे कुठे जायचं हे न सांगता वाढलेला आकडा हातात ठेवणं म्हणजे फक्त घोर लावणं.

काही मंडळ्या पाय धुवायची सेवा ठेवतात. करायची असेल तर पाणी ३७-३८ अंशांचं, थर्मामीटरने मोजलेलं. मधुमेहात पायाची जाणीव जाते, पोळतंय हे त्या माणसाला कळत नाही. जखम असेल तर पाय पाण्यात बुडवू नका. पाणी आणि टॉवेल प्रत्येकाला वेगळे.

---

वडील_सभासद

मांडणी चांगली आहे, पण मूळ प्रश्नावर कुणी बोललं नाही. संदेश आधीच हवा. पोट भरलं की माणसं उठून जातात आणि सुवार्ता सांगायची ती समोर रिकाम्या खुर्च्या ठेवून. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली १७३९ मध्ये ब्रिस्टलच्या बाहेर उघड्यावर उपदेशाला उभा राहिला तेव्हा लोक ऐकायला आले होते. नुसतं जेवणच वाटायचं असेल तर ते काम इतर संस्थाही करतात. मंडळी म्हणून रस्त्यावर उतरलो तर ख्रिस्ताचं नाव घ्यायला संकोच कशाला?

---

वस्तीतला_सेवक

काका, नाव घ्यायला संकोच करू नये, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मतभेद आहे तो क्रमाचा.

ज्याने सकाळपासून खाल्लेलं नाही आणि ज्याच्या हातात टोकन आहे, तो संदेशाच्या वेळी ऐकणारा नसतो, अडकलेला असतो. त्याने मान हलवली, हात वर केला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? त्यालाही तो ठाऊक नसतो. पुढे वस्तीत बोललं जातं, की तिथे जेवायचं असेल तर प्रार्थना करावी लागते. एकदा हे बोललं गेलं की ज्यांना खरोखर ऐकायचंय तेही शेजाऱ्यांच्या लाजेने येत नाहीत. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय भुकेल्याला नुसत्या शब्दांवर बोळवण्याबद्दल काय म्हणतो ते कमिटीत सगळ्यांसमोर वाचा. आणि त्याच वेस्लीने १७४६ मध्ये लंडनच्या फाउंडरीत (त्याच्या तिथल्या उपासनास्थानात) गरिबांसाठी मोफत औषधालय आणि छोट्या कर्जाचा निधी सुरू केला होता. त्याने दोन्ही केलं.

तीन तास मी असे लावीन. पहिला अर्धा तास गाणी आणि टोकनं. पुढचा पाऊण तास जेवण, या वेळात माईकवर फक्त रंग पुकारणं. मग आठ ते दहा मिनिटांचा संदेश, ठरलेल्या वेळी, आणि ती वेळ येण्याच्या तोंडाशीच पाटीवर लिहिलेली. ज्याला नको त्याला आधीच कळतं. पाटीवर दुसरी ओळ: जेवण आणि तपासणी सर्वांना, प्रार्थनेची अट नाही. हीच ओळ माईकवरून दर वीस मिनिटांनी सांगा. संदेशाला जेवणापेक्षा कमी लोक थांबतील. जे थांबतील ते आपणहून थांबलेले असतील, आणि पुढच्या भेटीत बोलणं त्यांच्याशीच पुढे जातं. त्याच वस्तीत राहणाऱ्या एखाद्याने पाच मिनिटं आपल्या विश्वासाची साक्ष दिली तर ती पाहुण्या वक्त्याच्या पाऊण तासापेक्षा जास्त ऐकली जाते.

प्रार्थनेचा कोपरा जेवणाच्या टेबलाला लागून नको, पण सगळ्यांना दिसेल असा हवा. तिथे नेहमी दोघं, बाईबरोबर बाई. 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' हे विचारा आणि नाही म्हटलं तर तिथेच थांबा. डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवायचा असेल तर तेही विचारून. आजारी माणसाला औषध बंद करायला कधीही सांगू नका. नोकरी, घर, पैसे यांचं आश्वासन देऊ नका. आणि 'हे कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. कुणी मारहाणीबद्दल किंवा मुलावरच्या अत्याचाराबद्दल बोललं तर ते जबाबदार माणसापर्यंत न्यावंच लागतं. तो माणूस कोण, हे सगळ्या स्वयंसेवकांना आधीच माहीत असू द्या.

मुलांच्या कोपऱ्यात नेहमी किमान दोन मोठी माणसं, एकमेकांच्या नजरेत. कुणीही मुलाबरोबर एकटं गाडीत किंवा खोलीत जाणार नाही, शौचालयाला नेतानाही दोघं. आणणाऱ्याचं नाव लिहा, त्याच्याच ताब्यात परत द्या. फुगे टाळा, फुटलेला तुकडा लहान मुलाच्या घशात अडकतो. कोपरा गल्लीच्या बंद टोकाला, गाड्यांपासून दूर. फोटोंबद्दल कडक राहा: पालकांच्या परवानगीशिवाय मुलाचा चेहरा नाही, आणि हातात ताट घेतलेल्या कुणाचाही फोटो नाही. मंडळीच्या अहवालाला स्वयंसेवकांच्या पाठीमागून काढलेले फोटो पुरतात.

जागा ठरवण्यापूर्वी त्याच वारी, त्याच वेळी तिथे जाऊन तासभर उभे राहा. गाड्या कुठे लागतात, नळाला पाणी किती वाजता येतं, इतर कुणाच्या उपासनेची वेळ आहे का, शौचालय कुठे, हे तेव्हाच कळतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात जाऊन सांगा. रस्ता अडवण्याची, ध्वनिक्षेपकाची आणि जेवण वाटण्याची परवानगी लेखी घ्या, प्रती खिशात ठेवा. वस्तीतल्या दोन-तीन बायकांना आधीच विचारा, लोकांना नेमकं काय हवंय. त्यांना टोकनच्या टेबलावर बसवा. कोण आजारी घरी पडलंय हे त्यांनाच ठाऊक असतं.

कुणी दारू पिऊन आलं किंवा चढ्या आवाजात बोलायला लागलं, तर दोघांनी जायचं, समोरासमोर न उभं राहता बाजूला, त्याची वाट मोकळी ठेवून. हात लावायचा नाही. एक बोलेल, दुसरा गप्प राहील. बहुतेक वेळा त्याला बसवून ताट दिलं की भागतं.

पुढच्या भेटीची तारीख त्याच दिवशी जाहीर करा आणि ती पाळा. दर चार आठवड्यांनी, तीच जागा, तीच वेळ, शंभर ताटं, हे वर्षातून एकदाच्या हजार ताटांपेक्षा खूप मोलाचं आहे. फोन नंबर ज्यांनी आपणहून दिला त्यांचाच लिहा आणि दोन दिवसांत फोन करा.

---

युवकसंघ_सचिव

फार उपयोग झाला, सर्वांचे आभार. कपड्यांचं टेबल काढून टाकतोय आणि संदेशाची वेळ पाटीवर लिहायचा मुद्दा कमिटीपुढे ठेवतो. काका, तुमचं म्हणणंही तिथे मांडीन. सतरा सोडून उरलेले तेरा असे लावलेत: तोंडाशी टोकनला एक, ध्वनीला दोन, तपासणीला तीन, मुलांकडे चार, प्रार्थनेला दोन आणि सगळीकडे फिरणारा एक. बरोबर वाटतंय का? आणि शेवटचं, वारा-पावसासाठी तीन बाय तीन मीटरचे दोन तंबू मिळतायत. पक्क्या रस्त्यात खुंट्या ठोकता येणार नाहीत, मग?

---

ध्वनी_जोडणी

प्रत्येक पायाला किमान वीस किलो वजन बांधा. पाण्याचे वीस लिटरचे भरलेले कॅन चालतात, पण ते पायाशी नुसते ठेवून उपयोग नाही. दोरी वरच्या चौकटीच्या कोपऱ्यातून खाली आणून कॅनच्या मुठीला ताणून बांधा, कारण वारा छताला उचलतो. छतावर पाणी साचलं की आतून काठीने ढकलून द्या, साचलेल्या पाण्याच्या वजनाने चौकट वाकते. वारा ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे गेला तर छत उतरवा, नुसते पाय आखूड करून भागवू नका. एक तंबू जेवणावर, दुसरा तपासणीवर. स्पीकरवर प्लास्टिक टाकायचं तर मागची हवा बंद होऊ देऊ नका, अ‍ॅम्प्लिफायर तिथूनच थंड होतो.

---

भांडारी

वाटणी ठीक आहे. फक्त फिरणाऱ्या माणसाच्या हातात दुसरं कुठलंही काम देऊ नका, प्रार्थनाही नाही आणि वाढणंही नाही. त्याच्याकडे परवानगीच्या प्रती, प्रथमोपचार पेटी, रुग्णवाहिकेचा नंबर आणि एक शिट्टी. शिट्टी वाजली की वाढणं थांबतं आणि चार मीटरची वाट मोकळी होते, हे निघण्याआधीच्या वीस मिनिटांच्या बैठकीत सगळ्यांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या.